चौथं पातं

चढाच्या मध्यावर गाडीने पहिला ठसका दिला, तेव्हा मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरा दिला, तेव्हाही नाही. त्याने गिअर खाली टाकला, पाय दाबला. गाडी मान हलवत आणखी थोडी वर गेली आणि मग तिने जीव सोडला. मागे चादरींचे गठ्ठे एकमेकांवर कलल्याचा मऊ आवाज आला. मुलाने हँडब्रेक ओढला आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"उतर आई," तो म्हणाला, "चाकाला दगड लाव."

दगड शोधावा लागला नाही. मागच्या खेपेला मीच तो कडेला नीट ठेवून गेले होते.

आमची लाँड्री चढाच्या पायथ्याशी आणि इस्पितळ चढाच्या डोक्यावर. रोज सकाळी धुतलेल्या चादरी वर न्यायच्या, मळलेल्या खाली आणायच्या. गाडी माझ्या नवऱ्याने घेतली, तीही जुनीच. नवरा गेला, गाडी राहिली. आमच्याकडे आल्यापासून तिच्या इंजिनाला एकाच माणसाचा हात लागलेला, माझ्या धाकट्या भावाचा. त्याला घरात सगळे ठिणगी म्हणत. लहानपणी कुणी नुसतं 'अरे' म्हटलं तरी पेटायचा. पुढे तो गाड्यांचा मिस्त्री झाला आणि नाव आयतंच शोभलं. आता साठी उलटली, पेटणं कमी झालं, पण नाव कोण बदलत बसणार?

वरून दोन वॉर्डबॉय रिकामं स्ट्रेचर ढकलत आले. त्यांनाही आता सवय झाली होती.

"काय आजी, आज पुन्हा ॲडमिट?" एकजण म्हणाला.

"मी की गाडी?"

"दोघींचा एकच केसपेपर काढू. आधी कोण बरी होते ते बघू."

त्यांनी गठ्ठे स्ट्रेचरवर चढवले आणि चादरी माणसांसारख्या झोपून वर गेल्या. मोठ्या सिस्टर फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी नुसतं घड्याळ पाहिलं. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रिकामी झाल्यावर गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. सपाटीवर ती अशी चालायची, की कुणी म्हणावं हिला काय धाड भरली आहे. फक्त चढ आणि ओझं एकदम आलं की हिचा दम जातो. माझंही तसंच आहे, म्हणून मी तिला फार बोलत नाही.

खाली येताना मुलगा बोलला. रागावून नाही. रागावायलाही अंगात काही लागतं, आणि तो पहाटेपासून बॉयलरपाशी होता.

"मामाचा हात गेला, आई. कार्बोरेटर खोलून झाला, कॉइल बदलून झाली, वायरी बदलून झाल्या. पेट्रोलला शिव्या घालून झाल्या. नाचता येईना अंगण वाकडं."

"वय झालंय रे गाडीचं."

"गाडीचं की मामाचं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"उद्याची खेप शेवटची," तो म्हणाला. "उद्या भरलेली गाडी न थांबता वर गेली, तर ती मामाकडेच राहील, मी तोंड उघडणार नाही. अडली, तर नाक्यावरच्या गॅरेजमध्ये जाईल. मग मामाने तिचं बॉनेट उघडायचं नाही. आणि हे त्याला तू सांगायचं. माझ्याने होणार नाही."

त्याचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. पण भावाच्या शेडमध्ये आता आमच्या गाडीशिवाय दुसरी गाडी येत नव्हती. त्याला दुरुस्त करता येणारी इंजिनं एकेक करून भंगारात गेली, आणि नव्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की त्याला नुसतं प्लॅस्टिकचं झाकण दिसायचं. आमची गाडी गेली की शेडला कुलूप. कुलूप लावून घरी बसलेला ठिणगी कसा दिसेल, हे मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. खुर्ची दिसली. तो काही दिसेना.

दुपारी मुलाने गाडी शेडपाशी लावली आणि मामाला न भेटताच चालत परत गेला. मी पाय ओढत आत गेले.

शेड म्हणजे तीन बाजूंना पत्रा आणि चौथ्या बाजूला रस्ता. मध्ये जाड लाकडी टेबल, त्याला जखडलेली व्हाइसची लोखंडी पकड, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पाने, आणि स्क्रूंनी भरलेले पत्र्याचे डबे. तेलाने जमीन इतकी काळी आणि घट्ट झालेली, की तिच्यावर पाय वाजायचा नाही. भाऊ उलट्या खोक्यावर बसून चहा पीत होता.

"आली का तुझी सवत?" त्याने विचारलं. नवरा माझ्यापेक्षा गाडीला जास्त जपतो, म्हणून भावाने तिला हे नाव ती आली तेव्हाच ठेवलं होतं, आणि नवरा गेल्यावरही सोडलं नव्हतं.

"आली. आजही चढावर बसली."

"बसली की बसवली? तुझा लेक क्लच असा सोडतो, जसा कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडलाय."

"ठिणग्या, ऐक," मी म्हणाले, आणि मुलाने सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. मऊ करून सांगायचं ठरवलं होतं, पण मऊ करायलाही जोर लागतो. जसं होतं तसं सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. फडक्याला हात पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"नाक्यावर," तो म्हणाला.

"हो."

"उद्याच?"

"उद्याच."

"बरं." तो गुडघ्यावर हात देऊन उठला. "इंजिन गार होऊ दे. मग प्लग काढू. बस तू. उभी राहून माझ्या डोक्यावर चढू नकोस."

मी खोक्यावर बसले. आम्ही दोघं इंजिन गार व्हायची वाट बघत बसलो. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या साखरेची. तो म्हणाला बरी आहे. मीही म्हणाले बरे आहेत. आमच्या वयात खोटं बोलायला एवढी जागा सोडावी लागते.

मग त्याने वायरी ओढून चारही प्लग काढले आणि टेबलावर ओळीने ठेवले. चारही काळेकुट्ट.

"काजळी," तो म्हणाला. "पेट्रोल जास्त येतंय."

"मागच्या वेळीही असंच म्हणालास."

"मागच्या वेळीही जास्तच येत होतं."

तारेच्या ब्रशने त्याने प्लग घासले. त्याच्या शेजारी इतकी वर्षं बसून काही गोष्टी मला न शिकता येत होत्या. प्लगच्या तळाशी दोन टोकं असतात, एक मधलं सरळ, दुसरं कडेने येऊन त्याच्यावर वाकलेलं. त्या दोघांमधल्या फटीत ठिणगी उडते. फट फार लहान झाली तर ठिणगी किरकोळ. फार मोठी झाली तर तिला उडीच जमत नाही. सपाटीवर कशीबशी जमते, पण ओझं पडलं की अर्ध्यात विझते आणि गाडी ठसकते. नव्या गाडीची ठिणगी जवान असते, जुन्या इंजिनाची म्हातारी, तिच्यापुढे रुंद ओढा ठेवू नये, असं भाऊच सांगायचा.

फट मोजायला त्याच्याकडे फिलर गेज होतं. चाकूसारखी मूठ, आणि तिच्यात एका स्क्रूवर ओवलेली पोलादाची बारीक पाती, सर्वांत पातळपासून सर्वांत जाडपर्यंत. पात्यावर जाडीचे आकडे कोरलेले असतात, पण याच्या पात्यांवरचे आकडे अंगठ्याने केव्हाच पुसले गेले होते. त्याला त्यांची गरजही नव्हती. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शेडमध्ये उजेड असेल नसेल, आकड्याच्या नादी लागू नकोस, पाती मोज. पॉइंटला दुसरं पातं, प्लगला चौथं. पॉइंट म्हणजे ठिणगी केव्हा पाठवायची ते ठरवणारी उघडझाप. तिची फट दुसऱ्याने, प्लगची चौथ्याने. जन्मभर तो अंगठ्याने एक, दोन, तीन, चार करत पातं बाहेर काढायचा, आणि डोळे मिटून ते फटीतून ओढायचा.

आज त्याने डोळे मिटले नाहीत. हे मला आधी दिसलं. प्लग नाकापर्यंत आणून तो फटीत बघत होता, आणि पातं दोनदा फटीच्या बाहेरच घासलं.

"तेल लागलंय याला," तो म्हणाला आणि गेज माझ्या हातात दिलं. "पूस जरा. तुझा तो धंदाच आहे."

मी पदराने पुसायला घेतलं, मग लाज वाटून त्याचं फडकं घेतलं. एकेक पातं उघडून दोन बोटांत धरून पुसत गेले. माझं सगळं आयुष्य कापडाची जाडी बोटाने ओळखण्यात गेलं. अक्षरं मी फार उशिरा शिकले. तोवर कुठल्या वॉर्डाची चादर कुठली, हे दोऱ्याच्या रंगावरून आणि हाताला लागेल त्यावरून ओळखायचे, आणि अजूनही तशीच ओळखते. घडी घालताना माझ्या हाताला एक सवय आहे, पातळ वर, जाड खाली. मध्ये कुणी चुकीची घातली तर हात आपोआप थांबतो.

हात थांबला.

पहिलं पातं कागदासारखं वाकलं. दुसरं जरा कमी. तिसरं आणखी कमी. चौथं वाकेचना. कांजी जास्त झालेल्या कॉलरसारखं ताठ उभं राहिलं. पाचवं पुन्हा वाकलं. मी शेवटपर्यंत गेले आणि परत आले. चौथ्या जागी दुसरंच कुठलं तरी जाड पातं बसलं होतं, आणि चौथं पार पलीकडे, शेवटून दुसरं.

मी फडकं फिरवत राहिले. मला कळलं होतं की हे आपोआप झालेलं नाही. पाती उंदीर येऊन बदलत नाहीत. या गेजला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. चूक त्याची होती, आणि ती दाखवायची म्हणजे त्याचा हात गेला, हे मुलाचं बोलणं मी स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. न दाखवावं, तर उद्या गाडी त्या दगडापाशी थांबणार.

"पुसलंस की धुऊन इस्त्री करतेस?" तो म्हणाला.

"ठिणग्या, हे चौथं जाड आहे रे."

"काय?"

"चौथं. पाचव्यापेक्षा जाड आहे."

"अस्सं." त्याने प्लग टेबलावर ठेवला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेव्हाच मी ओळखलं की हा पेटला. "म्हणजे आता तू मला फिलर शिकवणार. चादरींच्या घड्या घालता घालता इंजिनापर्यंत पोचलीस. उद्या लेकाला सांगून मला कांजी ढवळायला ठेव."

"मी शिकवत नाही. हात लावून बघ."

"माझा जन्म गेला या गेजवर. उस्तादांनी हातात दिलंय ते."

"उस्तादांनी दिलं तेव्हा चौथं चौथ्याच जागी असेल. हात लावून बघ म्हणते ना."

त्याने गेज माझ्या हातातून ओढून घेतलं. चौथं पातं अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरलं, आणि आता डोळे मिटले, पूर्वी मिटायचा तसे. मग पाचवं. मग तिसरं. पुन्हा चौथं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो शेवटपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची चेन कटकटत होती. एरवी त्याने ओरडून सांगितलं असतं की चेनला तेल घाल.

"सगळी सारखीच लागतात," तो म्हणाला. नळाला पाणी नाही हे सांगावं, तसं.

"केव्हापासून?"

"साखरेने. आधी पायाची बोटं गेली, मग हाताची. भाजलं तरी कळत नाही. वास आला की कळतं." त्याने डावा हात उलटा केला. दोन बोटांच्या शेंड्यांना जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. मी ते पाहिले होते, आणि मिस्त्रीच्या हाताला डाग असायचेच म्हणून सोडून दिले होते.

"बायकोला सांगितलंस?"

"तिला सांगितलं असतं, तर शेडची किल्ली पिठाच्या डब्यात गेली असती."

"आणि पाती?"

तो खाली बसला. खोक्यावरची माझी जागा मी त्याला दिली, आणि मी टेबलाला टेकले.

"थंडीत स्क्रू ढिला झाला होता. घट्ट करायला गेलो आणि सगळी जमिनीवर. पत्त्यांसारखी पसरली. पूर्वी डोळे मिटून ओवली असती. आता आकडे नाहीत, बोटांना कळेना. कुणाला विचारणार? मिस्त्रीने जाऊन विचारायचं, की बाबा, यातलं पातळ कुठलं? पहिली तीन वाकतात, ती नजरेला दिसली. पुढची अंदाजाने लावली. मग स्वतःला सांगितलं, चौथं म्हणजे चौथं."

"आणि कार्बोरेटरला शिव्या दिल्यास."

"कुणाला तरी द्यायलाच हव्या होत्या."

मला हसू आलं. त्यालाही आलं असतं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

"जाऊ दे नाक्यावर गाडी, ताई," तो म्हणाला. "तुझा लेक म्हणतो ते खरं आहे. पाती आज नीट लावली तरी उपयोग काय? पातं फटीतून ओढताना किती धरतं, ते हाताला लागावं लागतं. तेच गेलं. मी नुसता आव आणत होतो."

मलाही जाऊ दे असंच म्हणावंसं वाटलं. माझी कंबर दुखत होती. घरी भिजलेल्या चादरींचा ढीग होता. त्याने सोडलं असतं तर मीही काहीतरी सोडू शकले असते, असं मनात आलं. दोन म्हाताऱ्या माणसांनी दुपारी घरी आडवं व्हावं, यात कुणाचं काय जाणार होतं? मग ती खुर्ची पुन्हा डोळ्यांपुढे आली.

"स्क्रू सोड," मी म्हणाले.

"कशाला?"

"सोड म्हणते ना. माझ्या हाताला लागतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्क्रूड्रायव्हर घेतला. पाती या वेळी आम्ही फडक्यावर उतरवली. मी एकेक बोटांत धरून पातळपासून जाडपर्यंत ओळीने मांडली, दोनदा पडताळून पाहिली, आणि त्याने ती ओवून स्क्रू घट्ट केला. आवळायला त्याचं मनगट अजून शाबूत होतं. गेलं होतं ते फक्त शेंड्यावरचं.

पहिला प्लग त्याने धरला आणि मी चौथं पातं फटीत घातलं.

"सैल," मी म्हणाले.

"किती सैल?"

"उशीला मोठा अभ्रा घातल्यासारखं."

"एवढं? मग ठसकेल नाही तर काय." त्याने प्लग उलटा धरून वाकडं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटलं. "आता?"

"अजून सैल."

पुन्हा आपटलं.

"आता जातच नाही."

"जास्त झालं. पुरुषाने आपटलं की असंच." त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जरा उचकटलं. "आता?"

"जातं. पण हे बरोबर आहे की नाही, ते मला काय कळणार? कसं लागायला हवं?"

तो विचारात पडला. त्याला हे कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. जे हातात असतं ते तोंडात नसतं. त्याने डोळे मिटले, रिकामं बोट आणि अंगठा हवेत धरून काहीतरी ओढल्यासारखं केलं.

"ओल्या चादरींच्या ढिगात हात घालतेस ना," तो म्हणाला, "आणि काढतेस. तेव्हा चादर जरा धरते, मग सोडते. अडवत नाही. नुसतं धरून सोडते. तसं."

मी डोळे मिटले आणि पातं ओढलं. सरळ निघालं, कुणी धरलं नाही.

"नाही धरत."

त्याने अगदी हलकं आपटलं. मी पुन्हा ओढलं. पात्याला मधेच कुणीतरी बोट लावावं आणि काढून घ्यावं, तसं झालं.

"धरलं," मी म्हणाले. "आणि सोडलं."

"ठेव तो बाजूला. हात लावू नकोस त्याला."

दुसऱ्याला वेळ लागला. तिसरा लवकर झाला. चौथ्याला मी घाई केली तर म्हणाला, "तू माझ्यासारखी खोटं बोलू नकोस. लागलं असेल तरच लागलं म्हण." मग पुन्हा केला. प्लग बसवतानाही त्याने सुरुवातीचे आटे मला फिरवायला लावले. "बोटाने फिरव. अडला तर जोर लावू नकोस, उलटा फिरव आणि पुन्हा धर. आटा गेला तर इंजिन गेलं." तो माझ्या खांद्यापाशी उभा होता, आणि त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. बोटाने बसले तसे त्याने पान्याने आवळले.

किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. मला काही फरक कळला नाही. सपाटीवर ते असंच चालायचं. भाऊ बॉनेटवर मान तिरकी करून ऐकत राहिला.

"कान आहेत अजून," तो म्हणाला.

सकाळी तो आमच्या दारात उभा होता. दाढी केलेली, हात साबणाने धुतलेले, तरी नखांच्या कडा काळ्याच.

"मामा, तू कशाला? वजन वाढतंय," मुलगा म्हणाला.

"वाढू दे. कमी वजनाने चढली असं नंतर म्हणशील." आणि तो मागच्या दाराने चादरींच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसला.

चढ सुरू झाला. मुलाने गिअर टाकला, जरा जास्तच सांभाळून क्लच सोडला. मी समोर बघत होते. रस्त्याच्या कडेला माझा दगड दिसला. जवळ येत होता, आणि माझ्या मनात काय होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. गाडी चढावी असं वाटत होतं. अडली तर सगळे सुटतील, असंही वाटत होतं. सुटण्याचं वाईट वाटायला हवं, तेवढं वाटत नव्हतं.

दगड आला. इंजिनाचा आवाज जड झाला, खाली बसला, आणि तसाच राहिला. ठसका आला नाही. दगड खिडकीच्या खालून मागे गेला. फाटक आलं. मोठ्या सिस्टरनी घड्याळ पाहिलं आणि आत निघून गेल्या.

"आजी, आज पेशंट चालत आला की!" वॉर्डबॉय ओरडला. स्ट्रेचर घेऊन तो अर्ध्या वाटेत पोचला होता, ते वळवून परत आला.

मुलगा खाली उतरून मागचं दार उघडायला गेला. तो हसत होता. किती दिवसांनी हसत होता, ते त्याच्या गालांवरून कळत होतं.

"मानलं मामा," तो म्हणाला. "राहिली गाडी तुझ्याकडे. काय केलंस काय?"

"प्लगचा गॅप लावला."

"एवढंच?"

"एवढंच. आणि मी नाही. तुझ्या आईने लावला."

मुलगा पोट धरून हसला. "आईने! आईला विचार बॉनेट पुढे असतं की मागे."

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याने सांगायचं ते सांगितलं होतं. ऐकणाऱ्याने हसून घेतलं, त्याला आम्ही काय करणार? हसू दिलं.

गठ्ठे उतरवताना मला दिसलं, की भाऊ जिथे हात टेकून बसला होता, तिथे वरच्या चादरीवर काळा पंजा उमटला होता. बोटं, तळवा, सगळं स्पष्ट. हात इतके धुऊनही.

"हे बघ काय केलंस," मी म्हणाले.

"लागलं नाही मला," तो म्हणाला.

ती चादर मी उतरवली नाही. परत खाली आणली, मळलेल्यांबरोबर.

येताना तो पुढे, माझ्या शेजारी बसला. उतारावर गाडी आपली आपण चालते, मुलगा गाणं गुणगुणत होता. भाऊ हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यात प्लग पुन्हा बघावे लागतील. येशील?"

"आता गुडघे नाहीत म्हणून सांगितलं तर चालेल का?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?" मी म्हणाले, आणि उतार संपेपर्यंत डोळे मिटून घेतले.